पाचवा खण

ऋजुता मॅडमनी पिशवीतून खडू काढला, सोप्याच्या शेवटच्या खांबावर ठळक फुली मारली आणि हात झटकले.

"हा खण काढायचा, उत्तम. खांब, वरची कौलं, खालचा जोता, सगळं."

मी ओळंबा गुंडाळत होतो, तो तसाच हातात राहिला. "काढायचा? मॅडम, अख्ख्या सोप्यात धड उभा असलेला हा एकच खण आहे."

"धड आहे, पण मूळचा नाही ना."

सत्त्याण्णव सालची गोष्ट. शिरगणीच्या बाजारपेठेत कुंटे वैद्यांचं जुनं घर आहे. घराच्या पुढे रस्त्याकडे उघडा असा लांबलचक सोपा, गुडघ्याएवढ्या दगडी जोत्यावर, सागवानी खांबांचा. दोन खांबांमधल्या जागेला खण म्हणतात, तसे पाच खण. वैद्यांच्या घराण्यात पूर्वी कुणी राजवैद्य होऊन गेले म्हणून पुण्याच्या एका संस्थेनं तो सोपा जसाच्या तसा दुरुस्त करून जपायचं ठरवलं होतं. मॅडम त्या संस्थेच्या. वय अठ्ठावीस-एकोणतीस, पण कामाला कडक. तालुक्यात चुन्यात बांधकाम करणारा गवंडी मीच उरलो होतो, म्हणून त्यांनी मला शोधून काढलं होतं. महिनाभर आमचं छान जमलं होतं. कुजलेला वासा दिसला की अख्खा बदलायचा नाही, कुजला तेवढाच कापून जोड द्यायचा, हे त्यांनी मला शिकवलं. चुना किती दिवस भिजवायचा, हे मी त्यांना शिकवलं.

त्यांनी फायलीतून एक फोटो काढला. एकोणीसशे आठ सालचा. सोप्यावर पगडीवाले वैद्य बसलेले, आणि खण मोजले तर चारच. चौथ्या खणाच्या पलीकडे, छपराच्या बाहेर, रस्त्याला लागून एक बुटका दगड.

"पाचवा खण ही नंतरची भर आहे," मॅडम म्हणाल्या. "आमच्या कामात नंतरची भर काढून टाकतात, म्हणजे मूळ रूप दिसतं. खांबसुद्धा बघ ना, बाकीचे सागाचे आणि हा कडुलिंबाचा. पण खरी गंमत पुढे आहे. हा दगड दिसला? ही घोडपायरी. राजवैद्य हिच्यावर पाय ठेवून घोड्यावर बसायचे. मुकुंदरावांनी टिपणात लिहून दिलंय. ती पायरी या जोत्याच्या पोटात अजून असणार! कुणीतरी मूर्खासारखा तिच्यावर जोता चढवलाय."

मुकुंदराव कुंटे म्हणजे घराचे मालक. बँकेतून लवकर निवृत्त होऊन पुण्यात राहत.

मी फोटो डोळ्यांजवळ नेला. दगड जमिनीपासून जेमतेम वीतभर उंच होता. "मॅडम, एवढ्याशा दगडावरून चढायचं तर घोडं शेळीएवढंच असलं पाहिजे."

त्या हसल्या. "तुझ्याकडे दुसरं काही लेखी असेल तर दाखव. फोटो आहे, टिपण आहे. या खणाबद्दल मात्र कागदाचा कपटा नाही. परवा सकाळी सुरू करू. मुकुंदरावही येतायत, पायरी बघायला."

दुसऱ्याच्या हाताचं चांगलं काम मोडायला गवंड्याला नको वाटतं. त्या खणाचा जोता मी नीट बघितला होता. सांध्यात नख शिरत नव्हतं. ज्यानं कुणी बांधला त्यानं जीव ओतून बांधला होता.

संध्याकाळी घरी आलो. आबा, म्हणजे माझे वडील, चुलीपुढं जेवायला बसले होते. अडुसष्ट वर्षांचं वय, उभा जन्म दगडकामात गेलेला. आई भाकऱ्या थापत होती. मी ताट ओढलं आणि सहज म्हणालो, "आबा, कुंटे वैद्यांकडं घोडं होतं का हो?"

"घोडं? कुंट्याच्या दारात?" आबा हसायलाच लागले. "त्यो वैद्य घोडं बघितलं की गल्ली बदलायचा. बैलगाडीतनं फिरायचा."

"मग त्यांच्या दारात घोडपायरी कशी? फोटोत दगड आहे. पाचव्या खणाच्या जाग्यावर."

आबांचा घास हातातच राहिला. आई पण थांबली.

"घोडपायरी म्हनत्यात व्हय आता त्येला?" आबा सावकाश म्हणाले. "आमी थांब्या म्हनायचो."

"थांब्या?"

"आपल्यातलं कुनी औषधाला गेलं की त्येनं सोप्याला शिवायचं न्हाई. त्या दगडावर बसायचं नि हाळी द्यायची. वरनं आवाज यायचा, थांब. वैद्याची पूजा चाललीया, थांब. जेवान चाललंया, थांब. वामकुक्षी चाललीया, थांब. म्हनून थांब्या. मग कवातरी वरनं पुडी पडायची. दगडाला मधी वाटी कोरल्याली हुती, पुडी तिच्यात पडावी म्हनून. हाताला हात लागाय नगं."

"वाटी कुणी कोरली?"

"माझ्या आज्यानं. त्येच्याकडनंच कोरून घेतली."

ज्याच्या शिवण्यानं बाटू नये म्हणून वाटी, ती कोरायला हात मात्र त्याचाच चालला! कोरताना टाकी दगडाला लागली तेव्हा दगड बाटला नाही का? आणि आता त्याच दगडाला घोडपायरी म्हणायचं, लोकांना तिकडं बोट करून दाखवायचं. माझं डोकं फिरलं.

"आणि त्याच्यावर जोता चढवणारा कोण? मॅडम म्हणतात, मूर्ख होता कुणीतरी."

"मी," आबा म्हणाले.

मी ताट बाजूला सारलं.

"एकावन्न साली बांधला. सगुणाकाकूंनी सांगितलं. वैद्याची धाकली सून. नवीनच लगीन होऊन आल्याली. म्हनली, सावळा, दगड फोडू नगंस, काढू बी नगंस. ह्याच्या उरावर जोता घाल, वर छप्पर घाल, सोप्याला सलग. हितनं म्होरं समदी वर बसतील. सासऱ्यानं सागाचं ढलपं बी दिलं न्हाई, तर परसातला लिंब तोडाय लावला बाईनं. म्हातारा चार दिस जेवला न्हाई."

"मग?"

"पाचव्या दिशी जेवला. भूक लागल्यावं काय करील?"

हसू आलं, पण पुरतं आलं नाही. "पण काकूंना हे एकाएकी सुचलं कसं?"

भाकरी करपल्याचा वास आला. आईची भाकरी कधी करपत नसे. तिनं ती तव्यावरून काढली, तशीच बाजूला टाकली आणि उठून मागच्या दारी गेली.

"मी उद्या काम सोडतो," मी म्हणालो. "मोडायचं तर दुसऱ्या कुणाच्या हातानं मोडू दे."

"आन् त्यानं काय हुईल? दुसरा यील नि फोडील." आबांनी हात धुतले. "ती बाई लेखी मागती न्हवं?"

"मागते."

"लेखी हाय. आतल्या अंगाला. परवा मी येतो."

"आबा, तुम्ही अंगठा उठवता. तुम्ही काय लिहिलंय?"

ते उठून आईच्या मागं गेले.

ठरल्या दिवशी मुकुंदराव सकाळीच मोटारीतून उतरले. पांढरा झब्बा, तोंडावर हसू. माणूस उद्धट नव्हता, उलट फार गोड. सगळ्यांसाठी पुण्याहून बाकरवडी आणली होती. आबा धुतलेलं धोतर, पटका अशा थाटात सोप्याखाली उभे होते.

"अरे सावळा! आहेस का तू अजून?" मुकुंदराव म्हणाले.

आबा त्यांच्याहून सोळा वर्षांनी मोठे. मी पहार जोरात आपटली.

"हाय," आबा म्हणाले.

मी मॅडमना बाजूला घेतलं. "खांब आणि छप्पर राहू द्या. आधी फक्त फरशी उचलतो. लेखी पुरावा आत आहे म्हणतात."

"जोत्याच्या आत?" त्यांनी भुवया उंचावल्या. "बरं. पण आज दुपारपर्यंतच."

मी फरश्या सैल केल्या. खाली चुन्यातली भर इतकी घट्ट होती की टाकी उडत होती. तोवर पंचवीस वर्षं मी दगडात काम केलं होतं, पण स्वतःच्या बापाच्या कामाएवढं जड काही फोडलं नव्हतं. आबा मध्येच सांगत, "तिकडनं न्हाई, हिकडनं घे" एवढंच. दोन तासांनी खाली काळा दगड लागला. मी ब्रशनं माती झाडली. मधोमध तळहाताएवढी गुळगुळीत वाटी होती.

"आहे!" मॅडम गुडघ्यांवर बसल्या. "पण ही वाटी कसली?"

"पणती ठेवत असतील," मुकुंदराव वाकून म्हणाले. "पहाटे निघायचं तर अंधार असणार. घोड्यावर बसताना उजेड नको?"

मी बोलायला तोंड उघडलं, तर आबांनी हातानं थांबवलं. "म्होरं झाड."

वाटीच्या खाली अक्षरं होती. वेडीवाकडी, पण खोल. कोळशानं लिहिलेल्यावरून नवख्या माणसानं टाकी चालवावी तशी. मॅडमनी पाणी शिंपडून वाचलं.

"चंद्री. श्रावण, शके अठराशे त्र्याहत्तर."

मुकुंदरावांनी टाळी वाजवली.

"मी सांगत नव्हतो? घोडीचं नाव! चंद्री! पांढरी असणार. मेल्यावर तिची आठवण म्हणून कोरलंय. काय माणसं होती, मुक्या जनावरावर केवढी माया!"

मॅडमनी वही काढली. 'चंद्री, घोडी' असं लिहिताना मी त्यांना बघितलं.

"लिवू नका," आबा म्हणाले.

आवाज मोठा नव्हता, पण मॅडमचं पेन थांबलं.

"ती माझी लेक हाय."

मी आबांकडं बघितलं. मी त्यांचा एकुलता एक. एकोणचाळीस वर्षं मी तसंच समजत होतो.

"तीन वर्सांची हुती," आबा त्या दगडाकडंच बघत बोलत होते. "हगवन लागली. मी खाणीवर हुतो. हिची आय, न्हाई, ह्याची आय तिला घिऊन हितं बसली. सकाळच्याला. श्रावन हुता. ही जागा छपराच्या भाईर, पागोळ्या नेमक्या हितंच पडायच्या. पोरीच्या अंगावर पदर घालून बसली. वरनं सांगितलं, थांब. दुपार झाली. परत हाळी दिली. थांब. तिसऱ्या पारी वरनं पुडी पडली. ह्या वाटीत. तवा घ्यायाला पोर न्हवती."

रस्त्यावरून सायकल गेली, तिची घंटी वाजली. मॅडमनी तोंडावर हात धरला होता.

"खिडकीतनं सगुणाकाकू बघत हुत्या. त्यांना खाली यायला बंदी हुती. दुसऱ्या दिशी त्या आमच्या वस्तीत आल्या. चालत. म्हनल्या, सावळा, चल, जोता बांधायचाय. मी म्हनलो, दगडावर माझ्या लेकीचं नाव पायजे. मला अक्षर येत न्हवतं. त्यांनी कोळशानं लिवलं, मी टाकी मारली. मला तेवढंच लिवता येतंय अजून."

आई बाजाराला नेहमी पाण्याच्या टाकीवरून, लांबच्या वाटेनं का जायची, ते मला तेव्हा कळलं. लहानपणी मी तिच्या पदराला धरून विचारायचो, आई, पेठेतनं जवळ पडतं की. ती म्हणायची, तिकडं ऊन लागतं. सगळ्या पेठेवर छपरं होती.

मुकुंदरावांचा चेहरा उतरला होता. खोटं कशाला बोलू, त्यांना खरंच वाईट वाटलं होतं. पण वाईट वाटून माणूस जिथं जातो तिथंच ते गेले.

"सावळा, मी तेव्हा सहा वर्षांचा होतो. मला यातलं काही माहीत नाही. आजोबांच्या वेळचं जग वेगळं. पण आता इतक्या वर्षांनी हे कशाला उगाळायचं?"

आबांनी पहिल्यांदाच मान वर करून त्यांच्याकडं बघितलं.

"तुमच्या आज्यानं त्या दिशी येळेवर उगाळलं असतं, तर आज मला उगाळाय लागलं नसतं."

मुकुंदराव मोटारीकडं निघून गेले. बाकरवडीची पुडी जोत्यावर तशीच राहिली.

मॅडम उठल्या. लिंबाच्या खांबाजवळ गेल्या आणि ओढणीच्या टोकानं खडूची फुली पुसायला लागल्या. एकदा पुसून जाईना, म्हणून थुंकी लावून पुसली. मग आबांसमोर येऊन उभ्या राहिल्या. खरं सांगायचं तर मला त्यांचा रागच आला होता. फोटोत काय दिसतं ते त्यांना अचूक कळत होतं, आणि त्या दगडावर कोण बसत असेल, हे महिनाभरात एकदाही विचारावंसं वाटलं नव्हतं. पण मलाही कुठं वाटलं होतं? मी त्याच गावात जन्मलेला आणि घोड्याचे विनोद करत होतो.

पुढं संस्थेच्या बैठकीत मॅडम भांडल्या. दोनदा राजीनामा टेबलावर ठेवला म्हणतात. शेवटी पाचवा खण राहिला. मी त्याची फरशी परत बसवली, फक्त मधली एक मोकळी ठेवली, म्हणजे जाणाऱ्या-येणाऱ्याला वाटी आणि नाव दिसेल. मॅडमनी पाटीसाठी अर्धं पान मजकूर लिहून पाठवला होता. त्यात काकू होत्या, आबा होते, पागोळ्या होत्या. बैठकीतून कापून-कापून पाटीवर आलं ते एवढंच: 'पाचवा खण, १९५१. नंतरची भर.'

काम संपलं त्या आठवड्यात मी आईला घेऊन गेलो. ती पेठेतून चालत आली. पाचव्या खणात बसली, वाकून त्या मोकळ्या जागेत हात घातला आणि अक्षरांवरून बोट फिरवलं.

"ह्यात 'च' कंचा?" तिनं विचारलं.

मी तिचं बोट धरून दाखवला. तिनं तो परत एकदा स्वतः गिरवला. मग वाटीत तळहात ठेवून बराच वेळ बसली. तिथं छप्पर होतं, तरी तिनं पदर पुढं ओढून हातावर धरला होता.

आता आबा नाहीत, आई नाही. मॅडम कुठल्या राज्यात आहेत माहीत नाही. मुकुंदरावही गेले, त्यांचा मुलगा सगळं बघतो. सोपा आता छान दिसतो. लोक लांबून बघायला येतात, खांबाला टेकून फोटो काढतात. उद्घाटनाच्या दुसऱ्याच महिन्यात त्या मोकळ्या जागेवर एक मोठी कुंडी आली. कुंडीत तुळस. तुळस लावली की कुणी हलवायला धजणार नाही, हे लावणाऱ्याला पक्कं ठाऊक.

दर सोमवारी मी बाजाराला पेठेतून जातो. सोप्यावर चढतो आणि कुंडी दोन्ही हातांनी ओढून बाजूला सरकवतो. पुढच्या सोमवारी ती परत नावावर असते. पंचवीस वर्षं झाली. माझी कंबर आता दुखते, पण कुंडी सरकवण्यापुरती शाबूत आहे.

परवा नवा रखवालदार धावत आला. चांगला माणूस, त्याला काही माहीत नाही.

"काका, काका! कुंडी हलवायची नाही. वरून सांगितलंय. मूळ जागेवरच ठेवायची."

मी कुंडी पार खांबापर्यंत ढकलली आणि हात झटकले.

"मूळ जागा?" म्हटलं. "बाबा रे, ही कुंडी नंतरची भर आहे."